दहाची रेघ : ट्रिपल-डबल नेमके काय सांगते आणि काय लपवते

२ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतील हर्शी या लहानशा गावात विल्ट चेंबरलेन याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. एनबीएच्या इतिहासात एका सामन्यात इतके गुण त्याच्याआधी किंवा त्याच्यानंतर कोणीही केलेले नाहीत. त्याच सामन्यात त्याने २५ रिबाउंड घेतले आणि २ असिस्ट दिले. बास्केटबॉलच्या रूढ परिभाषेत या पराक्रमाचे नाव ‘डबल-डबल’ असे आहे. एखाद्या खेळाडूने १० गुण आणि १० रिबाउंड मिळवले, तरी त्याच्या कामगिरीचे नाव ‘डबल-डबल’ हेच असते. एकाच नावाखाली १०० आणि १० हे दोन्ही आकडे गुण्यागोविंदाने नांदत असतील, तर ते नाव मोजमाप करते आहे की केवळ शिक्का मारते आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्रथम परिभाषा स्पष्ट करून घेणे इष्ट. बास्केटबॉलच्या गुणपत्रकात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाच मुख्य रकाने असतात. पहिला गुणांचा. दुसरा रिबाउंडचा, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेण्याचा. तिसरा असिस्टचा, म्हणजे ज्या पासमुळे सहकाऱ्याची फेक थेट यशस्वी झाली त्या पासचा. चौथा स्टीलचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिरावून घेण्याचा. आणि पाचवा ब्लॉकचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवण्याचा. या पाचांपैकी दोन रकान्यांत दोन अंकी आकडा, अर्थात किमान १०, गाठला की डबल-डबल. तीन रकान्यांत गाठला की ट्रिपल-डबल. चार रकान्यांत गाठला की क्वाड्रुपल-डबल. नावातला शेवटचा ‘डबल’ हा ‘दोन अंकी’ या अर्थाचा आहे आणि त्याआधीचा शब्द रकान्यांची संख्या सांगतो. एवढे ध्यानात ठेवले की सगळा गोंधळ मिटतो. पाचही रकान्यांत किमान ५ गाठणाऱ्या खेळाला ‘फाइव्ह-बाय-फाइव्ह’ म्हणतात. एनबीएमध्ये क्वाड्रुपल-डबल अधिकृतपणे केवळ चौघांच्या नावावर आहे : नेट थर्मंड (१९७४), आल्विन रॉबर्टसन (१९८६), हकीम ओलाजुवान (१९९०) आणि डेव्हिड रॉबिन्सन (१९९४). पाचही रकान्यांत दोन अंकी आकडा तेथे एकदाही नोंदला गेलेला नाही.

आता मूळ प्रश्न असा, की रेघ दहावरच का? खेळाच्या रचनेत याचे उत्तर सापडत नाही. १८९१ साली जेम्स नायस्मिथ यांनी स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तेव्हाचा पहिला सामना १-० असा संपला, असे सांगितले जाते. बास्केटची कडी जमिनीपासून १० फूट उंचीवर असते खरी. परंतु तीच उंची मीटरमध्ये मांडली की ३.०५ होते आणि दहाची जादू तेथल्या तेथे विरून जाते. दहा हा आकडा खेळातून आलेला नसून मोजणाऱ्याच्या हाताच्या बोटांतून आलेला आहे. दशमान पद्धतीत नवानंतर दुसरा अंक लिहावा लागतो, म्हणून तेथे रेघ दिसते. ती कागदावर आहे, मैदानावर नाही.

हे समजून घेण्यासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले एक धान्यकोठार उपयोगी पडते. तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे पालैवननाथ मंदिराच्या आवारात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे तंजावरावर भोसल्यांचा अंमल सुरू होण्याच्या काही दशके आधी, नायक राजवटीत बांधलेले विटांचे भव्य कोठार आजही उभे आहे. त्याची क्षमता सुमारे ३००० कलम भाताची असल्याचे सांगतात. कलम हे तमिळ मुलखातील धान्यमाप. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. महाराष्ट्रातही अनेक भागांत बारा पायलींचा मण असे. त्या कोठाराच्या हिशेबनीसाच्या दृष्टीने नऊ आणि दहा या मापांमध्ये विशेष काहीच घडत नव्हते. एक कलम पुरे होण्याचा क्षण अकराव्या मापानंतर येई. त्याने बास्केटबॉलचे गुणपत्रक आखले असते, तर पराक्रमाची रेघ बारावर पडली असती.

ही कल्पना केवळ गमतीची नाही. तिचा पडताळा घेता येतो. संपूर्ण हंगामात सरासरी ट्रिपल-डबल राखण्याची किमया २०२४-२५ पर्यंत एनबीएमधील तिघांनाच साधली. ऑस्कर रॉबर्टसन याची १९६१-६२ मधील सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी होती. रसेल वेस्टब्रुक याने २०१६-१७ मध्ये ३१.६, १०.७ आणि १०.४ अशी सरासरी राखली आणि पुढे आणखी तीन हंगामांत तोच विक्रम केला. निकोला योकिच याने २०२४-२५ मध्ये २९.६, १२.७ आणि १०.२ ही सरासरी नोंदवली. रेघ बारावर नेली की या यादीत एकही नाव उरत नाही. खेळाडू तेच, सामने तेच, कौशल्य तेच. बदलली ती फक्त मोजणीची पद्धत. जे यश अंकपद्धती बदलताच नाहीसे होते, त्याला निसर्गनियमाचा मान देणे शास्त्रीय वृत्तीला शोभत नाही.

रेघेचा पहिला दोष असा, की ती उताराचा कडा करते. कौशल्य हळूहळू वाढते. नाव मात्र एका पायरीवर अचानक बदलते. ३५ गुण, १८ रिबाउंड आणि ९ असिस्ट करणारा खेळाडू ट्रिपल-डबलच्या यादीत नसतो. १०-१०-१० करणारा असतो. मराठी वाचकाला हा अन्याय क्रिकेटमधून चांगला परिचित आहे. मार्च २०११ मध्ये नागपुरात सचिन तेंडुलकर याचे ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक झाले आणि त्यानंतर वर्षभर सगळा देश एका अंकाची वाट पाहत बसला. त्या काळात ओव्हलवर ९१ आणि वानखेडेवर ९४ धावा झाल्या. दोन्ही खेळी उत्तम होत्या; पण लोकांच्या हिशेबात त्या ‘हुकलेल्या’ ठरल्या. अखेर मार्च २०१२ मध्ये मीरपूर येथे शंभरावे शतक झाले, आणि तो सामना भारताने बांगलादेशविरुद्ध गमावला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आकडा सांगितला जातो, पण छेद सांगितला जात नाही. रॉबर्टसनच्या काळात खेळ फार वेगवान होता. १९६१-६२ मध्ये एनबीएचा प्रत्येक संघ सामन्यात सरासरी सुमारे १०८ फेकी करी. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण सुमारे ८५ होते. फेकी अधिक, हुकण्याचे प्रमाणही अधिक. त्यामुळे हवेत सुटलेले चेंडूही अधिक. तेव्हा एका संघाला सरासरी सुमारे ७१ रिबाउंड मिळत. वेस्टब्रुकच्या हंगामात सुमारे ४४. म्हणजे रॉबर्टसनचे १२.५ रिबाउंड हे त्या काळच्या संघसरासरीच्या साधारण साडेसतरा टक्के होतात, तर वेस्टब्रुकचे १०.७ हे जवळजवळ चोवीस टक्के. शिवाय रॉबर्टसन सामन्यातील ४४.३ मिनिटे मैदानावर असे, वेस्टब्रुक ३४.६ मिनिटे. दर ३६ मिनिटांचा हिशेब केला, तर रॉबर्टसनचे असिस्ट ९.३ भरतात आणि त्याचा ऐतिहासिक ट्रिपल-डबल दहाच्या खाली घसरतो.

यावरून रॉबर्टसनला लहान ठरवणे मात्र चुकीचे होईल. चव्वेचाळीस मिनिटे त्या वेगाने धावत राहणे हेही एक कौशल्यच आहे, आणि ३६ मिनिटांचा हिशेब ते कौशल्य पुसून टाकतो. प्रत्येक छेद काही दाखवतो, काही झाकतो. म्हणूनच एकच छेद पुरेसा नसतो. आणि ‘ट्रिपल-डबल’ या नावात तर एकही छेद नसतो.

भारतीय विद्यार्थ्याला हा मुद्दा थेट भिडतो. या देशात बास्केटबॉलची पाळेमुळे जुनी आहेत. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, आणि तमिळनाडू आजही या खेळातील बलवान राज्यांपैकी एक आहे. महाराष्ट्राकडे पाहिले, तर पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. परंतु भारतातील स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ४० मिनिटांच्या असतात आणि एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो. एनबीएतील १० रिबाउंड त्याच गतीने ४० मिनिटांत मोजले, तर ८.३ होतात. म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेत ८ रिबाउंड घेणारी मुलगी गतीच्या हिशेबाने अमेरिकेतील ‘दोन अंकी’ खेळाडूच्या अगदी जवळ असते. तरीही तिच्या कामगिरीला नाव मिळत नाही, कारण रेघ दुसऱ्या घड्याळाची आहे. भारतात झपाट्याने रुजत असलेल्या तीन-तीन खेळाडूंच्या प्रकारात तर सामना १० मिनिटांचा किंवा २१ गुणांचा असतो. तेथे या संज्ञा जवळपास निरर्थक ठरतात. निवड समितीने किंवा प्रशिक्षकाने केवळ ‘डबल-डबल किती?’ एवढेच विचारले, तर एखादी गुणी खेळाडू गणिताच्या चुकीमुळे मागे राहू शकते.

तिसरा दोष मोजणाऱ्या माणसाशी संबंधित आहे. गुण निर्विवाद असतात. चेंडू कडीतून गेला की गेला. असिस्ट मात्र नोंद घेणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो. पास मिळाल्यावर खेळाडूने दोनदा चेंडू आपटला आणि मग फेक केली, तर श्रेय कोणाचे? मार्च १९९० मध्ये ओलाजुवानच्या बाबतीत हाच पेच उभा राहिला. २९ गुण, १८ रिबाउंड, ११ ब्लॉक आणि ९ असिस्ट अशी त्याची नोंद झाली. नंतर चित्रफीत पाहून त्याच्या संघाने आणखी एक असिस्ट त्याच्या खाती टाकला आणि क्वाड्रुपल-डबल जाहीर केला. लीगने तो अमान्य केला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने निर्विवाद क्वाड्रुपल-डबल केला, ही गोष्ट वेगळी. नऊ आणि दहा यांतला फरक कधी कधी खेळात नसतो, पेन धरणाऱ्या हातात असतो. शिवाय स्टील आणि ब्लॉक हे रकाने एनबीएने १९७३-७४ पासूनच भरायला सुरुवात केली. चेंबरलेन आणि बिल रसेल यांनी त्याआधी किती फेकी अडवल्या, याची अधिकृत नोंदच नाही. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, असे मानणे ही विदा हाताळणाऱ्याची सर्वांत जुनी चूक होय.

चौथा दोष नैतिक आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. माप जेव्हा लक्ष्य बनते, तेव्हा ते चांगले माप राहत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडलेला हा विचार मैदानावर जशाचा तसा उतरलेला दिसतो. १६ मार्च २००३ रोजी रिकी डेव्हिस याला ट्रिपल-डबलसाठी एक रिबाउंड कमी पडत होता. त्याचा संघ मोठ्या आघाडीवर होता. सामना संपत आला असताना त्याने चेंडू मुद्दाम स्वतःच्याच कडीवर मारला आणि परत झेलला. लीगच्या नियमांनुसार तो रिबाउंड ठरलाच नाही, प्रतिस्पर्धी संतापले आणि त्याच्याच संघाने त्याला दंड केला. पुढच्या वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, बॉब सुरा याने शेवटच्या क्षणी जाणूनबुजून फेक हुकवून दहावा रिबाउंड ‘मिळवला’. दुसऱ्या दिवशी लीगने तो काढून घेतला. या घटना अपवादात्मक वाटतील. पण ही ओढ सर्वांनाच असते. डेव्हिन पोप आणि उरी सायमनसोन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की बेसबॉलमध्ये हंगामाअखेर ०.३०० च्या किंचित वर सरासरी असलेले फलंदाज किंचित खाली असलेल्यांपेक्षा लक्षणीय संख्येने अधिक असतात. आणि पूर्ण आकड्याच्या जरा खाली गुण मिळालेले विद्यार्थी प्रवेशपरीक्षा पुन्हा देण्याची शक्यता अधिक असते. रेघ आखली की माणसे तिच्याभोवती गोळा होतात.

तरीही या संज्ञा टाकून द्याव्यात, असे म्हणणे एकांगी ठरेल. नाव स्मरणात राहते. पाच आकड्यांची ओळ राहत नाही. १९८० च्या दशकारंभी मॅजिक जॉन्सनच्या चौफेर खेळामुळे ‘ट्रिपल-डबल’ हा शब्द रूढ झाला, आणि त्यामुळेच केवळ गुण मोजणाऱ्या प्रेक्षकाची नजर पास आणि रिबाउंड यांच्याकडे वळली. हे मोठे काम आहे. रॉबर्टसनच्या पराक्रमाला त्याच्या काळी नावच नव्हते, म्हणून त्याची पुरेशी चर्चाही झाली नाही. समर्थक आणखी एक आकडा पुढे करतात : २०१६-१७ मध्ये वेस्टब्रुकने ४२ ट्रिपल-डबल केले आणि त्या सामन्यांत ओक्लाहोमा सिटीचा संघ ३३ वेळा जिंकला. उरलेल्या ४० सामन्यांत त्याने केवळ १४ विजय मिळवले. मग ट्रिपल-डबलमुळे विजय मिळतो, हे सिद्ध झाले नाही का?

झाले नाही. असिस्ट मिळण्यासाठी सहकाऱ्याची फेक यशस्वी व्हावी लागते, आणि बचावातील रिबाउंड मिळण्यासाठी प्रतिस्पर्ध्याची फेक हुकावी लागते. ज्या दिवशी स्वतःचा संघ अचूक असतो आणि समोरचा चुकत असतो, त्या दिवशी विजयही मिळतो आणि ट्रिपल-डबलही. दोन्हींची मुळे काही अंशी एकाच कारणात असतात. त्यांतील एक दुसऱ्याचे कारण आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही. वेस्टब्रुकच्या खेळाचा विजयात मोठा वाटा होता, यात शंका नाही. पण तो वाटा ३३-९ या आकड्यातून वेगळा काढता येत नाही. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील भेद शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हा सारा विचार खेळापुरता मर्यादित असता, तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु अशा रेघा प्रयोगशाळेत आणि वर्गातही आहेत. संशोधकांच्या मूल्यमापनात वापरला जाणारा ‘आय-१०’ निर्देशांक किमान १० उद्धरणे मिळालेले शोधनिबंध मोजतो. एका निबंधाला हजार उद्धरणे मिळाली तरी तो एकच धरला जातो. चेंबरलेनचे १०० गुण आणि हा निबंध यांचे दुःख सारखेच आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या ग्रंथात सोयीसाठी सुचवलेली ०.०५ ही संभाव्यतेची मर्यादा पुढे जणू सत्यासत्याची सीमा बनली. अखेर २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला सांगावे लागले, की केवळ ही रेघ ओलांडली की नाही यावर वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत. शालान्त परीक्षेतील ३५, ६० आणि ७५ या रेघांविषयी महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

पापनाशमहून आगगाडीने पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात कुंभकोणम लागते. तेथील सरकारी महाविद्यालयात १९०४ साली श्रीनिवास रामानुजन शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. गणितात त्यांना तोड नव्हती. इतर विषयांकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्या विषयांत ते नापास झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या महाविद्यालयातूनही त्यांना ती परीक्षा उत्तीर्ण होता आली नाही. प्रत्येक रकान्यात ठरावीक आकडा हवा, हा त्या परीक्षेचा नियम होता आणि हेच ट्रिपल-डबलचेही तर्कशास्त्र आहे. चौफेर असणे हा मोठा गुण आहे, यात वाद नाही. पण तो एकमेव गुण आहे, असे मानणाऱ्या मोजपट्टीला रामानुजन दिसत नाहीत.

उपाय अवघड नाही. शाळा-महाविद्यालयांच्या संघांनी गुणपत्रक जपताना नावाबरोबर संपूर्ण ओळ लिहावी : गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, त्यासोबत खेळलेली मिनिटे, केलेल्या फेकी आणि गमावलेले चेंडू. दर मिनिटाचे प्रमाण काढावे, संघाच्या एकूण रिबाउंडमधील वाटा काढावा. यासाठी महागडी संगणकप्रणाली लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि भागाकार एवढे पुरते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे काम आपल्या महाविद्यालयाच्या संघासाठी एक हंगामभर केले, तर संख्याशास्त्राच्या पुस्तकातील निम्मी प्रकरणे त्याला मैदानावर भेटतील. आणि कदाचित ८ रिबाउंडवर थांबलेली एखादी खेळाडू निवड समितीच्या नजरेतून सुटणार नाही.